माळा कुठे बांधायचा?

महाशिवरात्रीच्या व्याधाची गोष्ट सीमाभागातल्या बहुतेक घरांत ठाऊक असते. कुणी ती मराठीत आजीकडून ऐकलेली असते, कुणी कन्नडमध्ये अज्जीकडून. श्रीधरस्वामींनी १७१८ साली लिहिलेल्या 'शिवलीलामृता'च्या दुसऱ्या अध्यायात ती येते. दिवसभर शिकार न मिळालेला व्याध संध्याकाळी तळ्याकाठच्या बेलाच्या झाडावर चढून बसतो. समोर फांद्या आडव्या येतात म्हणून पानं खुडून खाली टाकतो आणि ती नेमकी खालच्या शिवलिंगावर पडतात. पुढं हरिणी येते, गयावया करते, परत यायचं वचन देऊन जाते. शेवटी सगळं कुटुंबच येऊन उभं राहतं आणि व्याधाचा बाण भात्यातच राहतो. आकाशात मृग आणि व्याध अजून एकमेकांच्या मागे दिसतात, ते यांचेच, असं आपण पोरांना सांगतो.

या गोष्टीतलं पुण्य सगळ्यांच्या लक्षात राहतं. आम्हाला मात्र त्या व्याधाची जागेची निवडही फार नेमकी वाटते. पाणवठा गाठला, पाण्याकडे तोंड होईल असं झाड धरलं, उजेड असतानाच वर चढला, नजरेआड येणारी पानं आधीच काढली. पुढच्या शेकडो वर्षांत शिकाऱ्यांनी मचाणाबद्दल जे जे सांगितलं त्यातलं निम्मं या कथेत येऊन गेलं आहे.

आज हा विषय काढायचं कारण शिकार नाही. हरणाची शिकार हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा. कारण आहे भाताचं. खानापूर, चंदगड, आजरा या पट्ट्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास भात पोटरीतून बाहेर पडून पिकू लागतं आणि त्याच वेळी रानडुकरं, गवे, सांबरं बांधावर येऊ लागतात. तेव्हा शेतात माळा उभा राहतो. तो बांधायचं ज्ञान अजून शिल्लक आहे, पण माळा कुठं बांधायचा हे सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

आधी शब्दांचं. मराठीत घरातल्या वरच्या फळ्यांनाही माळा म्हणतात आणि राखणीसाठी चार खांबांवर उभारलेल्या बैठकीलाही माळाच म्हणतात. कन्नडमध्ये अट्ट म्हणजे घराचा पोटमाळा, आणि अट्टणिगे म्हणजे उंच बैठक. शेतातल्या राखणीच्या बैठकीला मंचिके हाही शब्द आहे. मंच म्हणजे खाट, तोच शब्द आपल्या मचाणातही बसला आहे. म्हणजे सासर मराठी आणि माहेर कन्नड असलेल्या घरात यावरून भांडण व्हायचं कारण नाही. दोन्ही भाषांनी माणसाला खाटेसकट उचलून शेतात नेऊन ठेवलं आहे.

निपाणीकडचा माळा आणि खानापूरकडचा माळा मात्र एक नव्हेत. निपाणी, संकेश्वर, हुक्केरी ही उघडी रानं. तिथं तंबाखूला सहसा कुठलं जनावर तोंड लावत नाही, ही त्या पिकाची एक जमेची बाजू. राखण लागे ती जोंधळ्याला, आणि ती पाखरांपासून. हातात गोफण (कन्नडमध्ये कवणे), पायाशी खड्यांचा ढीग, आणि वेळ सकाळ-संध्याकाळची. या राखणदाराला चारी बाजू दिसायला हव्यात, म्हणून माळा शेताच्या मधोमध. पाखरू कुठूनही येतं, त्याला वाट नसते.

जनावराला वाट असते. सगळा फरक इथूनच पडतो.

जांबोटी, कणकुंबी, नागरगाळी, लोंढा या भागात रान शेताला लागूनच आहे. २०११ साली जाहीर झालेलं भीमगड अभयारण्य याच तालुक्यात, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. पलीकडे चंदगडच्या डोंगरातून तिलारीकडे जंगल सलग जातं, खाली दांडेलीकडे काळी व्याघ्रप्रकल्प. जनावरांना राज्यांची हद्द कळत नाही, हे वाक्य सभांतून फार वेळा ऐकलंय, पण ज्याचं शेत कर्नाटकात आणि बांधापलीकडचं रान महाराष्ट्रात त्याच्यासाठी ते भाषण नसून रोजची रात्र आहे.

तर जागा कशी निवडतात? जुन्या माणसांची रीत अशी, की माळ्याचं लाकूड तोडण्याआधी दोन-तीन सकाळी नुसतं फिरायचं. बांधावरच्या ओल्या मातीत खूर बघायचे. डुकराचे खूर आखूड आणि मागं दोन टोचे उमटलेले, सांबराचे लांबट आणि मोठे, गव्याचे तर बैलासारखे भरदार. लेंड्या बघायच्या. जिथं डुकरं लोळून चिखल झालेला असतो ती लोळण शोधायची, आणि तिथून शेताकडे येणारी वाट. झाडाच्या बुंध्याला चिखल घासलेला दिसला तर त्या खुणेची उंची बघायची, म्हणजे पाहुणा केवढा आहे ते कळतं. कुंपणाखालून जिथं गवत दबलेलं आहे, काटेरी फांदीला केस अडकले आहेत, ती त्यांची वेस. एका शेताला अशा वाटा दोन, फार तर तीन. ओढ्याच्या कडेनं एक हमखास, कारण ओढ्यातून येताना झाडीची आड मिळते. डोंगराची सोंड जिथं शेतात उतरते तिथून दुसरी.

इथपर्यंत शिकारी आणि राखणदार एकाच वाटेनं चालतात. पुढं मात्र दोघांचे रस्ते अगदी उलटे होतात, आणि हे नीट ध्यानात घेतलं नाही तर माळा बांधूनही पीक जातं.

शिकाऱ्याला लपायचं असतं. सांबर, चितळ (कन्नडमध्ये कडवे आणि जिंके) यांचं नाक विलक्षण. स्थिर बसलेला माणूस त्यांच्या नजरेतून सुटतो, पण वाऱ्यावर गेलेला त्याचा वास सुटत नाही. म्हणून मचाण नेहमी असं, की वारा जनावराच्या वाटेकडून माणसाकडे यावा. डोंगरात त्यातही एक मेख आहे. दिवसा उतार तापतो आणि हवा वर चढते. सूर्य बुडाला की गार हवा जड होऊन ओढ्याओढ्यानं खाली वाहू लागते. दुपारी चार वाजता वारा बघून बसलेल्या शिकाऱ्याचा वास रात्री आठ वाजता भलतीकडेच जातो. जाणते शिकारी मूठभर राख किंवा बारीक माती हवेत सोडून बघत, तेही दोनदा, एकदा बसताना आणि एकदा अंधार पडल्यावर.

चंद्र पाठीशी, म्हणजे समोरचं जनावर उजेडात आणि आपण झाडाच्या सावलीत. बुंधा पाठीमागं, म्हणजे आभाळावर आपली आकृती उमटत नाही. उंची दहा-पंधरा फुटांची. हरणांना घात बहुधा जमिनीवरूनच होत असल्यामुळे ती वर क्वचित बघतात, शिवाय उंचावरचा वास डोक्यावरून निघून जायची शक्यता असते. आणि मचाण पाण्याच्या, वाटेच्या अगदी अंगावर नको, थोडं बाजूला.

आता राखणदार. त्याला जनावर मारायचं नाही, यायचंच थांबवायचं आहे. मग त्यानं लपून काय साधायचं? त्याचा वास रानापर्यंत गेला पाहिजे, खोकला ऐकू गेला पाहिजे, विडीचं टोक दिसलं तरी हरकत नाही. म्हणून माळा वाटेच्या तोंडावर, बांधाला लागून, आणि वारा आपल्याकडून रानाकडे जाईल असा. इथं निसर्गानं थोडी मदत केली आहे. पावसाळाभर वारा पश्चिमेचा असतो, पण पाऊस परतला की तो पूर्वेकडून वाहू लागतो. ज्यांच्या शेताच्या पश्चिमेला डोंगर आहे, आणि या भागात बहुतेकांचं तसंच आहे, त्यांचा वास कापणीच्या दिवसांत आपोआप रानात जातो. शेताच्या पूर्व कडेला, घराजवळ, सोयीचं म्हणून माळा घालणारे हा फायदा हातचा घालवतात. मधल्या शंभर पावलांत वास विरतो आणि डुक्कर पश्चिमेच्या बांधावरून आत शिरून निवांत जेवून जातं.

चंद्राचंही उलट. चांदण्यात राखण सोपी, कारण उघड्या भातात जनावर लांबून दिसतं आणि तेही बिचकून असतं. राखणदार सांगतात की अंधाऱ्या पंधरवड्यातच खरी परीक्षा. घरातला मुलगा सुट्टीला आला तर त्याला पौर्णिमेला माळ्यावर पाठवायचं आणि अमावास्येला स्वतः जायचं, हा हिशोब आमच्या माहितीतल्या कित्येक घरांत न बोलता पाळला जातो.

या विद्येचा दुसरा वारसा राजेरजवाड्यांचा. कोल्हापूर संस्थानात शिकार हा मोठा सोहळा होता. माळरानावरच्या काळवीटांची शिकार पाळीव चित्त्यांकडून करवत, आणि आपल्याकडचे चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणवत. तिथं मचाण चालायचं नाही. काळवीट उघड्यावरचं, त्याला लांबून सगळं दिसतं. त्यावरचा उपाय मोठा हुशार होता. डोळे झाकलेला चित्ता गाडीवर बसवून न्यायचा, कारण शेतातल्या गाड्या रोज बघून काळवीट त्यांना बुजत नाही. लपायला झाड नसेल तर ओळखीच्या वस्तूत लपायचं. दाजीपूरच्या रानात मात्र गव्यांसाठी, सांबरांसाठी झाडाचीच गरज. तेच राखीव शिकारीचं जंगल १९५८ साली दाजीपूर अभयारण्य झालं, १९८५ मध्ये वाढून राधानगरी अभयारण्य झालं, आणि आज ते ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं बघून आलेली पोरं घरी येऊन काय विचारतात ते प्रत्येक आईबापाला ठाऊक असेल. 'एवढे का मारले?' याला सोपं उत्तर नाही. आपणही द्यायचा प्रयत्न करू नये.

संस्थानिकांची शिकार बहुधा हाक्याची असे. माणसं ओळीनं रानातून डबे वाजवत, ओरडत येत, आणि जनावरं खिंडीच्या तोंडाशी बसलेल्या बंदुकांकडे ढकलली जात. कोकणात आणि घाटमाथ्यावर गावकीची पारधही याच पद्धतीची. गंमत अशी की आज शेतकरी माळ्यावरून डबा वाजवतो तो हाक्याचाच डबा आहे, फक्त दिशा बदलली. तेव्हा जनावर बंदुकीकडे हाकत, आता रानाकडे.

रात्री पाणवठ्यावर, नुसत्या आवाजावर नेम धरण्याचा शेवट काय होतो ते आपल्याला रामायणानं फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. दशरथाला हत्ती पाणी पितोय असं वाटलं, आणि तो होता घागर बुडवणारा श्रावणबाळ. अंधारात हलणाऱ्या झुडपावर गोळी झाडून शेजाऱ्यालाच मारल्याच्या बातम्या अजूनही अधूनमधून छापून येतात.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यात शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीनं तेही गेले आणि हौसेची शिकार पूर्ण बंद झाली. कायद्यातली 'शिकार' या शब्दाची व्याख्या आपल्याकडच्या अनेकांना माहीत नसते. मारणं म्हणजेच शिकार असं नाही. फास लावणं, जाळं टाकणं, आमिष ठेवणं, हाकून नेणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न, हे सगळं शिकारीत मोडतं. पिकाचं नुकसान करणाऱ्या काही जनावरांबाबत अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण ती आधी घ्यायची असते, मागाहून नाही. गवा आणि हत्ती तर पहिल्या अनुसूचीतले, तिथं साध्या शेतकऱ्यानं परवान्याचा विचारही करू नये. पीकसंरक्षणाची बंदूक असणाऱ्यांनाही हवेत बार काढण्यापलीकडे फारसा उपयोग नाही, आणि निवडणूक आली की ती बहुधा ठाण्यात जमा.

मग उरतो माळा. तो कसा उभारायचा हे हात सांगतात, लेख नव्हे, तरी चार गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. झाडावर बांधायचा तर झाड जिवंत हवं, वाळकं नको. ऐन (कन्नडमध्ये मत्ती) किंवा जांभळीसारखं, जमिनीपासून आठ-दहा फुटांवर दोन दणकट फांद्या फुटलेलं. झाड नसेल तर चार मेढी, म्हणजे वर बेचके असलेले खांब. ते हात-दीड हात खोल पुरून बुडाशी दगड ठासायचे, कारण ओल्या भातशेतात खांब खचतो. बेचक्यांत आडवे वासे, वर बांबूच्या कामट्या, त्यावर पेंढा. बांधायला काथ्या किंवा सुंभ. प्लॅस्टिकची दोरी उन्हानं वर्षात ठिसूळ होते आणि वरून तशी दिसत नाही. गेल्या वर्षीचा माळा यंदा वापरायचा असेल तर आधी प्रत्येक गाठ सोडून नवी बांधायची. छप्पर एका बाजूनं उतरतं, रानाकडची बाजू उघडी. घोंगडं हवंच. घाटमाथ्यावरच्या नोव्हेंबरच्या दवात जाड चादर मध्यरात्रीपर्यंत भिजते, घोंगडं भिजत नाही.

उंचीचा आणखी एक फायदा फार कमी लोक बोलतात. मण्यार रात्री फिरणारा साप, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला त्याचा दंश बरेचदा झोपेतच होतो. खळ्यात अंथरूण टाकण्यापेक्षा माळ्यावरची झोप बरी. मात्र उतरताना आधी बॅटरीचा झोत खाली टाकायचा, मग पाय.

दोन वेळा माळा सोडून घरी यायचं, यात शौर्याचा प्रश्न नाही. पहिली वेळ परतीच्या पावसाची. कापणी आणि विजांचा कडकडाट एकाच महिन्यात येतात. मोकळ्या शेतात उंच उभा असलेला माळा किंवा एकटं झाड म्हणजे विजेला आमंत्रण. ढग दाटले की डब्याकडे, भाताकडे न बघता उतरायचं आणि पक्क्या घरात जायचं. दुसरी वेळ हत्तीची. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गाकडे जाऊ लागले आणि पुढं चंदगड, आजऱ्यातही त्यांचं येणं-जाणं सुरू झालं. चार मेढींचा माळा हत्तीच्या एका धक्क्याचा. हत्ती आसपास असल्याची बातमी असेल त्या रात्री माळ्यावर कोणी राहू नये, भात गेलं तर जाऊ दे.

हे लिहायला सोपं आहे. ज्या घरात वर्षाचं भात त्या एकाच शेतात आहे तिथं 'जाऊ दे' म्हणताना काय होतं ते चूल पेटवणारीला विचारा. माळ्याचा खरा भार घरावर पडतो. संध्याकाळी सातला जेवणाचा डबा तयार हवा. माळ्यावरचा माणूस पहाटे येऊन झोपणार, म्हणजे धारा, शेण, पोरांची शाळा हे सगळं बाईकडे. मुलगा पुण्याला किंवा बेंगळूरला, मजूर मिळत नाही, मग साठी उलटलेले आजोबाच शिडी चढतात. अशा घरांत शेजारी मिळून राखण करायची जुनी रीत पुन्हा आणता येईल का, याचा विचार गावानं करावा. चार शेतांचे चार माळे आणि प्रत्येकात एक पेंगणारा माणूस, त्यापेक्षा जनावराच्या दोन मुख्य वाटांवर दोन माळे आणि प्रत्येकावर दोघे जण पाळीनं. एकानं हाळी दिली की दुसऱ्यानं ओ द्यायची. यात जागा निवडण्याला दुप्पट महत्त्व येतं, कारण माळा आता कुणा एकाच्या सोयीचा राहत नाही. आणि कुणाच्या बांधावर तो उभा करायचा यावरून भाऊबंदकी निघते, हेही खरं. तिथं खूर दाखवावेत. खुरांना कुणाची बाजू घ्यायची नसते.

जनावर सरावतं, हे शहाण्या राखणदाराला माहीत असतं. तोच डबा, त्याच वेळी, त्याच तालात आठ दिवस वाजला की डुकरं मान वर करायचंही सोडतात. म्हणून कधी डबा, कधी हाळी, कधी बॅटरीचा झोत, कधी अर्धा तास गप्प बसून मग एकदम कुकारा. बुजगावण्याचे कपडेही बदलावेत, शक्यतो घरात घामेजलेले. कोरं बुजगावणं म्हणजे वास नसलेला माणूस, आणि वास नसलेला माणूस जनावराच्या लेखी माणूसच नव्हे.

आता त्या दुसऱ्या उपायाबद्दल, ज्याच्याबद्दल गावात दबक्या आवाजात बोलतात. घरच्या किंवा मोटारीच्या लाइनवरून आकडा टाकून शेताभोवती उघडी तार फिरवायची आणि रात्री करंट सोडून घरी झोपायचं. जागरण नाही, माळा नाही. ही तार म्हणजे शिकाऱ्याचं मचाणच आहे, दडलेलं, मुकं, वाटेच्या तोंडावर बसलेलं. पण मचाणावरच्या माणसाला समोर कोण आलं ते दिसतं, तारेला दिसत नाही. तिच्यात डुक्कर सापडतं, तसाच पहाटे पाणी पाजायला निघालेला शेजारी सापडतो, वैरणीला आलेली बाई सापडते, आपलीच म्हैस सापडते. खटला होतो तो वेगळा. सौर कुंपण, ज्याला आपल्याकडे झटका मशीन म्हणतात, ती वस्तू निराळी. तिच्यात क्षणभराचा झटका थांबून थांबून येतो, जनावर बिचकून मागं फिरतं. पण ती तयार, प्रमाणित यंत्रावरच चालवायची, आणि तिच्या तारेला घरच्या लाइनचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून घेतली तर परवडते. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबटा अडकतो तेव्हा तर सगळं गावच अडकतं.

अमेरिकेत ज्यांची लेक-जावई आहेत त्यांना तिथल्या नोव्हेंबरची एक गोष्ट ऐकून माहीत असेल. त्या देशात पांढऱ्या शेपटीची हरणं कोट्यवधी आहेत, त्यांना खाणारे लांडगे बहुतेक भागांतून संपले, मोटारींना धडकून हरणं आणि माणसं दोन्ही मरतात. म्हणून ठरल्या हंगामात, परवाना काढून, ठरावीक संख्येची शिकार तिथं कायदेशीर आहे. शेजारचा गोरा माणूस झाडाला लोखंडी शिडी आणि बैठक लावून वर बसलेला बघून आपले आजी-आजोबा चकित होतात. तिथला कायदा आपल्याला लागू नाही आणि तिथली परिस्थितीही नाही, पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथल्या शिकाऱ्यांच्या दुखापतींत गोळीपेक्षा झाडावरून पडण्याचा वाटा मोठा. म्हणून ते अंगाला पट्टा बांधून तो बुंध्याला अडकवतात, जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत. आपल्या आजोबांना पेंगताना माळ्यावरून पडू नये म्हणून कमरेला एक मजबूत दोर आणि तो मेढीला, एवढं करायला काय खर्च येतो?

मचाणाचं तिसरं रूप आता मुलांच्याही वाट्याला येऊ लागलं आहे. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री अभयारण्यांतल्या पाणवठ्यांजवळ मचाणांवर बसून प्राणी मोजायची प्रथा आहे. वैशाखात पाणी आटतं, उरलेल्या पाण्यावर जनावरं येतातच, आणि चांदणं भरपूर. तिथं पुन्हा सगळे शिकाऱ्याचे नियम लागू: वारा तोंडावर, आवाज नाही, अत्तर नाही, चिवड्याची पिशवी कुरकुरायची नाही. बॅटरीला लाल कागद, कारण हरणांच्या डोळ्यांना लाल रंग नीट कळत नाही. या मोजणीतून नेमकी संख्या मिळते असं आता कुणी जाणकार मानत नाही, एकच सांबर दोनदा पाण्यावर येऊ शकतं. तिच्याकडे रानाचा अनुभव म्हणूनच पाहतात. नेमक्या मोजणीसाठी स्वयंचलित कॅमेरे आले, आणि वाघांच्या बाबतीत ती पद्धत शास्त्रशुद्ध पायावर उभी करण्याचं काम १९९० च्या दशकात नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंतांनी केलं. कन्नड वाचणाऱ्या घरांत शिवराम कारंतांची ओळख करून द्यायला नको, हे त्यांचेच चिरंजीव. तो कॅमेराही लावतात कुठं? जनावराच्या वाटेवर, झाडाच्या बुंध्याला, गुडघाभर उंचीवर. जागा शोधणारी नजर मात्र माणसाचीच लागते, आणि त्या कामात गावातली खूर ओळखणारी माणसं फार उपयोगी पडतात. पोरांना रानाचं वेड असेल तर पूर्णचंद्र तेजस्वींनी कन्नडमध्ये आणलेल्या केनेथ अँडरसनच्या कथा आहेत, मराठीत व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' आहे, मारुती चितमपल्लींची पुस्तकं आहेत. घरात दोन्ही भाषा असण्याचा एवढा फायदा तरी घ्यावा.

यंदाच्या हंगामासाठी एवढंच. माळ्यावर बसूनही नुकसान झालंच, तर सकाळी शेत आवरायच्या आधी जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात कळवा. तुडवलेल्या भाताचे आणि खुरांचे फोटो मोबाईलवर काढा, खुराशेजारी काडेपेटी ठेवून, म्हणजे आकार कळेल. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत त्या भागात गुरं सोडू नका, पाणीही देऊ नका. कर्नाटकात पहणी, महाराष्ट्रात सातबारा, सोबत आधार आणि बँकेचं पासबुक यांच्या प्रती तयार ठेवा. जमीन वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या सामाईक नावावर असेल तर इतरांची संमतिपत्रं दिवाळीच्या आधीच, सगळे घरी आलेले असताना, सही करून घेतलेली बरी.